म्हशीने कापलेला गोल

डोळे मिटा. नको, खरोखर मिटले तर पुढचं वाचणार कोण? मनातल्या मनात मिटा.

समजा, तुम्ही तुमच्या खोलीच्या दारात उभे आहात आणि आत मिट्ट काळोख आहे. खाटेपर्यंत जायचं आहे. डोकं सांगतं, ‘सरळ चल, मग डावीकडे वळ.’ पाय चालतात. किती चाललो, ते पाय डोक्याला परत कळवत राहतात. सांगणं, चालणं आणि परत कळवणं ही तीन कामं नीट झाली की तुम्ही खाटेवर. एकाने जरी हयगय केली, की कपाळ कपाटावर.

सीएनसी मशीनचं, म्हणजे दिलेल्या आकड्यांवरून आपोआप कापणाऱ्या यंत्राचं, अगदी असंच असतं. तिथे डोक्याला कंट्रोलर म्हणतात आणि पायांना मोटरी. मोटरीला बांधलेली एक केबल ‘इतकं चालले’ असं परत कळवते. फक्त मध्ये आणखी एक जण लागतो. कंट्रोलर फार हळू आवाजात बोलतो आणि मोटरीला धडधडीत वीज लागते. म्हणून दोघांच्या मध्ये एक पेटी असते. ती कंट्रोलरचं कुजबुजणं ऐकते आणि मोटरीला हवी तेवढी वीज पुरवते. या पेटीला ड्राइव्ह म्हणतात. मुकादमच म्हणा ना. साहेब कानात सांगतो, मुकादम मोठ्याने ओरडतो, माणसं कामाला लागतात.

एवढं कळलं असेल तर पुढची गोष्ट सोपी आहे.

एका कारखान्यात असं एक मशीन होतं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्या मागे एक छोटी खोली आणि बाजूला पत्र्याची शेड. मशीन वजनदार, काळपट, जागचं न हलणारं आणि सुरू होताना हंबरणारं, म्हणून घरात सगळे त्याला ‘म्हैस’ म्हणत. म्हैस लाकडाची पावलं कापायची. बूट शिवताना आत जे लाकडी पाऊल घालतात ना, ते. त्याला फर्मा म्हणतात. ज्यांचे पाय बाजारातल्या बुटात बसत नाहीत, अशांसाठी खास बूट शिवणारी एक बाई होती. तिचे सगळे फर्मे इथे व्हायचे.

म्हैस चालवायचे बाबा आणि दुरुस्त करायची आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण. मागच्या छोट्या खोलीत आत्याचं टेबल होतं. त्यावर वीज मोजायचा मीटर, तारा डाखायची सोल्डरिंगची कांडी, भिंग आणि डब्यांच्या झाकणांमध्ये स्क्रू. टेबलाला दोन स्टुलं होती. एक आत्याचं, एक बाबांच्या मुलीचं. मुलीला चिमटी म्हणत, कारण पडलेला कितीही बारीक स्क्रू ती बोटांच्या चिमटीत पकडून वर काढायची. शाळेतून आली की दप्तर खाली आणि चिमटी स्टुलावर. सोल्डरचा थेंब गोल आणि चमकदार कसा पाडायचा, हे ती त्या वर्षी शिकत होती. थेंब गोल यायचे. चमक अजून यायची होती.

एके दिवशी म्हशीचा पडदा काळा झाला. आत्याने कंट्रोलर काढून टेबलावर आणला, उघडला, भिंगातून पाहिला, मीटर लावला आणि झाकण परत बसवलं.

“गेला,” ती म्हणाली.

“म्हणजे किती दिवसांत होईल?” बाबांनी विचारलं.

“गेला म्हणजे गेला, धाकट्या. याच्यातला मुख्य तुकडा आता कुणी बनवत नाही. नवीन आण.”

बाबा खूश झाले. ते चेहऱ्यावर दाखवत नव्हते, पण दुसऱ्याच दिवशी विक्रेता हजर झाला. त्याचे बूट, केस आणि कागद सगळंच चकाकत होतं, म्हणून चिमटीने त्याचं नाव चकचकीत ठेवलं. चकचकीत म्हणाला, “नुसता कंट्रोलर कशाला? मोटरी, ड्राइव्ह, केबली, सगळंच नवीन घ्या. एक बंद कपाट येतं. डोक्याला ताप नाही.”

“आणि बिघडलं तर?” आत्याने विचारलं.

“बिघडत नाही.”

“तरी?”

“तरी बिघडलंच तर आमची माणसं येतात, पेटी काढतात, दुसरी लावतात.”

“काढलेली पेटी?”

“टाकून देतात.”

“आणि आत काय बिघडलं होतं, ते?”

“ते कशाला हवंय?” चकचकीतने अगदी मनापासून विचारलं.

आत्याने त्याला आणखी एक कप चहा दिला. माणसाला बरं वाटत नसलं की ती असंच करते.

तो गेल्यावर भावा-बहिणीची जुंपली. तेही रोजच्या आवाजात, जणू भाजी कुठली आणायची ते ठरवत होते.

“ताई, दर महिन्याला काहीतरी निघतं. मला लाकूड कापायचंय. मशीनची सेवा करायची नाही.”

“मोटरी ठणठणीत आहेत. तीनही ड्राइव्ह मी स्वतः सांभाळलेत. साहेब मेला म्हणून मुकादमाला आणि माणसांना घरी पाठवायचं का?”

“जुनेच पाय ठेवले तर नवीन डोकं काय करणार?”

“चालायला सांगणार. आणखी काय?”

मग बाबांनी खरी गोष्ट सांगितली. शेडमध्ये ओल येत होती. लाकूड फुगायचं, कापलेला फर्मा आठवड्याने वाकायचा. कोरडी जागा एकच होती, आत्याची खोली. सगळं नवीन आलं तर दुरुस्त करायला काही उरणार नाही, आणि दुरुस्त करायला काही नसेल तर टेबल कशाला?

बाबांचं चुकत होतं असं नाही. लाकूड खरंच फुगत होतं.

आत्या म्हणाली, “नवीन कंट्रोलर, बाकी सगळं जुनं. एक गोल कापायचा. बरोबर आला तर टेबल राहील. नाही आला तर कपाट मागव आणि खोली घे.”

“ठरलं,” बाबा म्हणाले.

चिमटीला कुणी काही विचारलं नाही. तिने आपलं स्टूल टेबलाच्या आणखी जवळ ओढलं.

गोलच का, असं तुम्ही विचाराल. सरळ रेषा कुणीही मारतं. गोल कापताना मात्र डावी-उजवीकडे नेणारी मोटर आणि पुढे-मागे नेणारी मोटर यांना हातात हात घालून चालावं लागतं. एक जरी मागे रेंगाळली तर गोलाचं अंडं होतं.

नवीन कंट्रोलर बसला. म्हैस हंबरली. लाकडाची चकती कापून झाल्यावर चिमटीने ती उचलली आणि फरशीवरून घरंगळत सोडली. चकती गेली, पण लंगडत गेली.

“अंडं. आडवं फुगलंय,” बाबा म्हणाले.

“नवीन कंट्रोलरला अजून सवय नाही,” आत्या म्हणाली.

“यंत्राला सवय नसते, ताई.”

“तुझ्या म्हशीला आहे. उद्या परत कापू.”

आता या कारखान्यात एक नियम होता. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. हा नियम चिमटीला बाबांनीही शिकवला होता आणि आत्यानेही, आणि नियम आपणच काढला असं दोघांनीही तिला सांगितलं होतं. सोल्डरिंग शिकताना तिने एकदा घाईत दोन सुटे भाग एकदम बदलले, तेव्हा दोघांनी मिळून तिला इतकं ऐकवलं होतं की तिने नियमाचं चित्रच काढून म्हशीच्या ड्राइव्हच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चिमटी शाळेत असताना आत्या सोल्डर आणायला बाहेर गेली. बाबांनी वेळ साधली. डावी-उजवीकडच्या मोटरीचा जुना ड्राइव्ह काढला आणि चकचकीतकडून ‘नुसता बघायला’ आणलेला नवा तिथे बसवला. मग ते लाकूड बघायला गेले. तेवढ्यात आत्या परत आली. तिने त्याच मोटरीची जुनी केबल काढून नवीन ओढली. ड्राइव्हकडे तिने पाहिलंच नाही. तो आपण सांभाळलेला आहे, बिघडणार नाही, याची तिला खात्री होती.

दोघांनीही ते चित्र चिकटवलेलं दार उघडूनच आत हात घातला होता.

संध्याकाळी म्हैस हंबरली. चकती निघाली. चिमटीने ती सोडली. चकती सरळ, शहाण्यासारखी घरंगळत दारापर्यंत गेली आणि दारात उभ्या असलेल्या बूटवाल्या बाईंच्या पायाला लागून थांबली.

“छान,” बूटवाल्या बाई म्हणाल्या. “पण मला चाकं नकोत, फर्मे हवेत.”

आत त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

“बघितलंस?” बाबा म्हणाले. “नवीन ते नवीन.”

“कसलं नवीन? केबल तेवढी नवीन. ड्राइव्ह तोच,” आत्या म्हणाली. “मी म्हटलंच होतं, ड्राइव्हला काही झालेलं नाही.”

“कुठली केबल?”

“मी दुपारी बदलली ती. तू कशाबद्दल बोलतोयस?”

“मी दुपारी बदललेल्या ड्राइव्हबद्दल.”

मग दोघंही कपाटाकडे गेले. दोघांनीही आत पाहिलं. कपाटाच्या दारावर चिमटीचं चित्र होतं. त्यात एक हात एकच स्क्रू धरून होता. दोघांपैकी कुणीही चित्राबद्दल काही बोललं नाही.

“एकूण काय, गोल आला,” बाबा म्हणाले.

“माझ्या केबलमुळे.”

“माझ्या ड्राइव्हमुळे.”

“तुमचं ठरलं की सांगा,” बूटवाल्या बाई स्टूल ओढून बसल्या. “माझ्या गिऱ्हाइकाचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे. तो तसा जन्मापासून आहे. त्यात तुम्ही आपली भर घालू नका म्हणजे झालं. नाहीतर मी दुसरीकडे जाते.”

“चालतंय ना आता? मग हात लावायचा नाही,” बाबा घाईने म्हणाले. “मी उद्या बाकीचे ड्राइव्हही नवीन मागवतो.”

“का?” चिमटीने विचारलं.

“का म्हणजे? नवीन ड्राइव्हने गोल आला.”

“पण केबलने आला असेल तर?”

“तर मागवायचे नाहीत,” आत्या म्हणाली.

“मग कशाने आला?”

दोघंही एकदम बोलले आणि दोघंही एकदम थांबले. मुलांनो, मोठी माणसं अशी थांबली की समजावं, उत्तर त्यांनाही माहीत नाही.

“बाबा,” चिमटी म्हणाली, “जुना ड्राइव्ह परत लावू या. केबल नवीनच राहू दे. एकच बदल.”

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने बाबांकडे. चालत्या मशीनला परत बिघडवायची भीती दोघांनाही होती, आणि त्याहून मोठी भीती उत्तराची होती. पण आपणच शिकवलेल्या नियमाला आपणच नाही कसं म्हणणार?

“लाव, धाकट्या,” आत्या म्हणाली. “आधी मुख्य बटण बंद कर. आणि तो लाल दिवा विझेपर्यंत बोट घालायचं नाही. बंद केल्यावरही आत वीज साठलेली असते.”

लाल दिवा विझायला आपला वेळ घेतो. तो विझेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत बसले. बूटवाल्या बाईसुद्धा. मग आत्याने मीटर लावून खात्री केली. बाबांनी नवा ड्राइव्ह काढला आणि जुना त्याच्या जागी बसवला. म्हैस हंबरली आणि तिसरी चकती कापून निघाली.

या वेळी नुसतं घरंगळवून भागणार नव्हतं. बाबा म्हणाले, “मी मोजतो.” आत्या म्हणाली, “तू नको, तुला हवं तेच दिसेल.” बाबा म्हणाले, “आणि तुला?” शेवटी दोघांनी मोजपट्टी चिमटीच्या हातात दिली. ती साधी पट्टी नव्हती. दोन जबड्यांमध्ये वस्तू पकडून केसाएवढा फरकही दाखवणारी व्हर्निअर होती. चकती एकदा आडवी पकडायची, एकदा उभी. दोन्ही आकडे सारखे आले तर गोल.

चिमटीने उभी मोजली. आकडा मनात धरला. मग आडवी मोजली.

आडवी थोडी जास्त आली. पातळ कागदाएवढी. पण जास्त.

आता नीट ऐका, इथे गंमत आहे. लाकूड मऊ असतं. व्हर्निअरचे जबडे अंगठ्याने जरा दाबले की लाकूड दबतं आणि आकडा कमी होतो. चिमटीला हे माहीत होतं. हेही माहीत होतं की ती सांगेल तो आकडा दोघंही मान्य करतील, कारण वाकून बघायचं धैर्य एकालाही नव्हतं. आणि आकडे सारखे आले तर आत्याचे ड्राइव्ह पास, टेबल जागच्या जागी आणि टेबलाजवळची दोन स्टुलंही जागच्या जागी.

तिने अंगठा दाबला. आकडा उतरला. अगदी हवा तिथे येऊन थांबला.

चिमटी त्या आकड्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, हा आकडा बघून बरं वाटेल.

“काय आलं?” बाबांनी विचारलं.

“थांबा. नीट धरली नव्हती.”

तिने अंगठा सैल केला, चकती पुसली आणि परत मोजली. नुसतं टेकवून, न दाबता.

“आडवी जास्त आहे,” ती म्हणाली. “ड्राइव्हच.”

बाबांना जिंकल्यासारखं दिसायला हवं होतं, पण त्यांना तसं दिसता येईना. ते नवा ड्राइव्ह हातात घेऊन उभे राहिले, जणू तो कुणीतरी विसरून गेलेला डबा आहे.

“म्हणजे नुसत्या केबलने काही भागलं नाही,” आत्या म्हणाली. “उगाच बदलली.”

मग ती मागच्या खोलीत गेली. स्क्रूची झाकणं एकात एक ठेवल्याचा आवाज आला.

“आत्या, थांब ना!” चिमटी दारातून ओरडली. “एकच ड्राइव्ह खराब निघाला. बाकीच्यांना कुणी विचारलंय?”

“ठरलं होतं, जुन्यांनी गोल आला पाहिजे. नाही आला,” आत्या आतून म्हणाली. “शब्द म्हणजे शब्द.”

“पण तो बाजूचा ड्राइव्ह जुनाच आहे ना? वर-खाली करणारा? तो आणि हा सारखेच आहेत. बाबा, तो इथे लावा आणि हा तिथे. चकती कापताना वर-खाली फारसं करावंच लागत नाही.”

“आता हे किती वेळ चालणार?” बूटवाल्या बाईंनी विचारलं.

“हा शेवटचा,” बाबा म्हणाले. त्यांनी बटण बंद केलं. लाल दिव्याकडे परत सगळे बघत बसले. आत्या मात्र आली नाही. मीटर तेवढा तिने दारातून चिमटीच्या हाती दिला आणि लावून नीट आकडा दाखवायला सांगितला.

चौथी चकती आली. चिमटीने उभी मोजली, आडवी मोजली. मग ती व्हर्निअर तिने तशीच्या तशी, जबडे न हलवता, बाबांच्या डोळ्यांसमोर धरली.

बाबांनी वाकून पाहिलं. या वेळी वाकायला त्यांना काही अडचण आली नाही.

“सारखी,” ते म्हणाले. मग कपाळ खाजवलं. “म्हणजे जुना ड्राइव्हही या मोटरीला चालतो. एकच पेटी दमलीय.”

“मग सगळं नवीन मागवायचं का?”

“नाही. ही नवीन एक ठेवू.” त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “पण गोल आला नाही तर खोली माझी, असा ताईशी शब्द झालाय. आणि लाकूडही फुगतंय, पोरी. ते काही खोटं नाही.”

“फर्म्यांचं काय?” बूटवाल्या बाई म्हणाल्या.

“आज कापून देतो.”

दमलेला ड्राइव्ह म्हशीतून निघाला, त्याच्या जागी नवा बसला आणि म्हैस फर्मे कापायला लागली. डावं पाऊल मोठं, उजवं लहान, जसं निसर्गाने ठरवलं होतं तसं. बूटवाल्या बाईंनी ते हातात फिरवून पाहिले, ‘हं’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्याकडून ‘हं’ म्हणजे खूप झालं.

बाबा शेडमध्ये गेले आणि एक लांब फळी खांद्यावर घेऊन मागच्या खोलीच्या दाराशी आले. दिलेला शब्द त्यांना नको होता, पण तो दोघांनी मिळून दिला होता आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना सुचत नव्हतं. फळी तरी ठेवता येत होती.

आत आत्या अर्धं टेबल मोकळं करून बसली होती.

त्या मोकळ्या जागेत चिमटीने दमलेला ड्राइव्ह आणून ठेवला होता. आत्याने तो आधी मीटर लावून तपासून दिला होता, कारण असली पेटी तपासल्याशिवाय कुणीही उघडायची नसते. तुम्हीही नाही. मग चिमटीने पेचकस घेतला होता. काढलेले स्क्रू ती एका झाकणात ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडत होती. तिच्या शेजारी आत्या हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. ज्याला स्वतः करायची फार इच्छा आहे, पण जो करणार नाही, असा माणूस बसतो तशी.

“ताई, फळी कुठे ठेवू?” बाबांनी विचारलं.

आत्याने चिमटीकडे पाहिलं.

“काय करतेयस?” बाबांनी चिमटीला विचारलं.

“आत काय बिघडलंय ते बघतेय.”

“नवीन लावलाय ना आपण?”

“हो.”

“मग?”

“मग हा जुना बरा झाला की म्हशीचा दुसरा कुठला दमला तर लावता येईल.” तिने मान वर केली नाही. “आणि बाबा, जरा बाजूला व्हा. तुमच्या फळीची सावली पडतेय.”

बाबा बाजूला झाले. फळी जड होती, म्हणून त्यांनी ती बाहेरच्या भिंतीला उभी केली.

चिमटीने ड्राइव्हचं झाकण उचलून बाजूला ठेवलं, भिंग ओढून घेतलं आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकून आत बघायला सुरुवात केली.